टीवायचा प्रोजेक्ट: टॉपिक नको, प्रश्न शोधा

जुलै लागला की टीवाय, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या बीएस्सीच्या वर्गात एकच गडबड, गाइड कोण मिळणार, ग्रुपमध्ये कोण कोण आणि टॉपिक काय. टॉपिक सगळ्यात शेवटी ठरतो आणि तो पण कसा, तर सीनियरची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येते, तिच्यात तुळशीच्या जागी कडुनिंब टाकायचा, झालं काम. बॉटनी, झूलॉजी, मायक्रो, बायोटेक, कुठेही जा, हाच प्रकार. टीवायच्या मुलांचे प्रोजेक्ट मी बरेच जवळून बघितलेत आणि माझं मत आता पक्कं झालंय, प्रोजेक्टची वाट लागते ती जुलैतच लागते, फक्त कळतं मार्चमध्ये.

तर पहिली गोष्ट. 'कॉलेज परिसरातील फुलपाखरांची विविधता' हा टॉपिक झाला, प्रश्न नाही झाला. याचं उत्तर म्हणून काय देणार, यादी? यादी वाईट नसते हो, पण नुसत्या यादीवर एक्स्टर्नलशी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकांशी, काय बोलणार. आता हेच असं विचारा: कॅम्पसमध्ये जिथलं गवत माळीकाका नेमाने कापतात आणि जिथे कोणी फिरकत नाही, तिथे फुलपाखरांच्या जाती कमीजास्त दिसतात का? झाला प्रश्न. उत्तर हो आलं तरी चालेल, नाही आलं तरी चालेल, आणि काय मोजायचं ते आपोआप ठरलं. ठरलेल्या वाटेने ठरलेल्या संथ वेगाने चालायचं, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्यातलीच फुलपाखरं मोजायची, दर वेळी त्याच सुमारास आणि ऊन असताना. याला पोलार्ड वॉक म्हणतात, जगभर वापरतात आणि खर्च जवळपास शून्य. प्रश्न एका वाक्यात मावत नसेल, त्यात 'आणि' दोनदा येत असेल, तर तो एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, कापा.

मोठ्ठं काहीतरी करायची हौस सगळ्यांनाच असते. गाइडच्या केबिनमध्ये दरवर्षी होणारा संवाद साधारण असा:

"मॅडम, आम्हाला कॅन्सरवर काहीतरी करायचंय."

"करा की. पण सेल कल्चरची लॅब कुठाय रे आपल्याकडे?"

"...बाहेर कुठे करता येईल का मॅडम?"

"येईल, पण मग प्रोजेक्ट त्यांचा होईल, तुम्ही फक्त नळ्या धुवाल."

मॅडमचं बरोबर आहे. म्हणून टॉपिकच्या आधी लॅबमध्ये एक चक्कर मारा, आणि ती लॅबवाल्या काकांबरोबर मारा, कारण कुठलं मशीन कागदावर आहे आणि कुठलं खरंच चालतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. स्पेक्ट्रोफोटोमीटर चालतो का, का नुसता कलरीमीटर आहे? हा फरक मोठा आहे. पानातलं क्लोरोफिल अर्नॉनच्या पद्धतीने काढायचं तर ८० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये अर्क काढून ६४५ आणि ६६३ नॅनोमीटरला वाचावं लागतं, कलरीमीटरचा फिल्टर एवढा बारीक भेद करत नाही, तिथे क्लोरोफिल ए आणि बी वेगळं दाखवायला जाऊ नका. इनक्युबेटरचं तापमान खरंच ३७ राहतं का ते आत वेगळा थर्मामीटर ठेवून बघा. वीज जाते का, किती वेळ जाते, फ्रीजमध्ये जागा आहे का, ऑटोक्लेव्हचं गॅस्केट धड आहे का. लहान गावातल्या कॉलेजात असाल तर नाराज व्हायचं कारण नाही, मायक्रोस्कोप, वजनकाटा आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्यावर फार सुंदर प्रोजेक्ट होतात. डासांच्या अळ्यांचंच घ्या. कॅम्पसभर टायर, कुंड्यांच्या थाळ्या, उघड्या टाक्या असतात, कुठल्या प्रकारच्या पाण्यात कुठली अळी सापडते हे मोजा. अ‍ॅनोफिलिसला श्वसननळी नसते म्हणून ती पृष्ठभागाला समांतर पडून राहते, क्युलेक्स आणि एडिस नळी वर करून डोकं खाली लटकतात, एवढं तर उघड्या डोळ्यांनी कळतं, पुढचं मायक्रोस्कोपखाली. फक्त मोजून झालं की तो नमुना नष्ट करायचा, डास घरी वाढवायचे नाहीत.

आता कॅलेंडर. आपल्याकडे हा भाग कोणी बघतच नाही. फील्डचा प्रोजेक्ट असेल तर सह्याद्रीच्या बाजूला जे काय दिसतं ते पावसात आणि पावसानंतर लगेच दिसतं, अळिंबी, बेडूक, पठारावरची फुलं, फुलपाखरं, सगळा मामला जुलै ते नोव्हेंबर. तुमचा टॉपिक सप्टेंबरअखेर मंजूर होणार, मग परीक्षा, मग दिवाळी, आणि डिसेंबरात तुम्ही कासला फुलं मोजायला जाणार, तिथे काय मोजाल, वाळलेलं गवत? उलट पाणपक्षी घेतले तर हिवाळा सोयीचा, ठाण्याच्या खाडीत नाहीतर नांदूर मध्यमेश्वरला स्थलांतर करून येणारे पक्षी त्याच वेळी असतात. म्हणजे आधी महिना बघा, मग जीव निवडा. लॅबवाल्यांनी गणपती आणि दिवाळी आधीच कॅलेंडरवर लाल करून ठेवा. सुट्टीत इनक्युबेटर बंद करून जातात, कुंड्यांना पाणी घालायला कोणी नसतं, कल्चर मरतात. सुट्टीच्या आधी ताज्या स्लँटवर (नळीत तिरकं गोठवलेला अगार) सबकल्चर करून ४ अंशाला फ्रीजमध्ये, आणि रोपांचा प्रयोग असेल तर तो दोन सुट्ट्यांच्या मधल्या काळात बसेल एवढाच आखा. मूग, मेथी, मोहरी भराभर उगवतात म्हणून तर वापरतात.

परवानग्यांचं थोडक्यात पण नीट ऐका. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात नमुने गोळा करायचे तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, ती चार दिवसांत मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि 'सर, आम्ही स्टुडंट आहोत' हे त्याच्यापुढे चालत नाही. लोणारचं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हापासून अनेकांना तिथले सूक्ष्मजीव हवे असतात, विषय झकासच आहे, पण ते पण अभयारण्य आहे. फुलपाखरं, बेडूक, पक्षी यांचे फोटो काढा, मोजा, सोडा. माणसांचं रक्त, लाळ, अगदी आजाराबद्दलची प्रश्नावली असली तरी एथिक्स कमिटीकडे जावं लागतं, गाइडला पहिल्याच भेटीत विचारा. आणि गटारातून किंवा पेशंटच्या नमुन्यातून 'डेंजरस बॅक्टेरिया' काढायची हौस नको, तसली सोय बीएस्सीच्या लॅबमध्ये नसते.

बरं, एवढं सांगून पण निम्मे लोक वनस्पतीच्या अर्काची अँटिमायक्रोबियल अ‍ॅक्टिव्हिटीच करणार, मला माहितीये. मग निदान धड करा. आधी वनस्पती कुठली ते सिद्ध करा. 'आजीने सांगितलं ही अमुक आहे' चालत नाही. फुला-फळासकट फांदी आणा, हर्बेरियम शीट (कागदावर चिकटवलेला दाबून वाळवलेला नमुना) करा, आणि ओळख पक्की करून घ्या, पुण्यात बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं ऑफिस आहे, मुंबईत झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, नाहीतर तुमच्याच डिपार्टमेंटमध्ये कोणी वर्गीकरणवाले सर असतातच. नुसती वाळकी पानं नेलीत तर कोणीही हात वर करेल. बॅक्टेरियाचं पण तेच, 'लॅबमध्ये होता तो ई. कोलाय' म्हणजे काय ते देवालाच ठाऊक, इतक्या वर्षांत त्यात काय काय मिसळलंय. ओळख असलेला स्ट्रेन (वाण) मागवा, पुण्यात एनसीएलमध्ये एनसीआयएम आहे, चंदीगडला एमटीसीसी आहे, दोन्ही सूक्ष्मजीवांचे संग्रह, कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र लागतं आणि यायला वेळ लागतो, म्हणून ऑगस्टमध्येच.

मग प्लेट. म्युलर हिंटन अगार (ज्यावर बॅक्टेरिया वाढवायचे तो मीडिया) ३८ ग्रॅम एका लिटरला, १२१ अंश, १५ पाउंड, १५ मिनिटं. जाडी ४ मिमी हवी, ९० मिमीच्या प्लेटला त्यासाठी २५ मिली लागतं, म्हणजे लिटरमध्ये ४० प्लेट. हा हिशोब आधी कागदावर करा, किती अर्क, किती कॉन्सन्ट्रेशन, किती स्ट्रेन, प्रत्येकाचे किती रिपीट, आणि एका प्लेटवर चार-पाचच्या वर डिस्क (अर्क लावलेल्या कागदी चकत्या) बसवायच्या नाहीत, झोन (चकतीभोवतीचं बॅक्टेरिया न वाढलेलं वर्तुळ) एकमेकांत घुसतात. बऱ्याच ग्रुपचा उत्साह या एका गुणाकारातच जमिनीवर येतो आणि ते चांगलंच आहे. अगार कुठे पातळ कुठे जाड ओतलात तर झोन पण त्याप्रमाणे वाढतो-घटतो आणि तुम्ही खुश होता की अर्क काम करतोय. बॅक्टेरियाची दाटी ०.५ मॅकफारलंडला, म्हणजे ठरलेल्या गढूळपणाच्या स्टँडर्डला, जुळवायची. स्टँडर्ड घरचं बनतं, १ टक्का सल्फ्युरिक अ‍ॅसिड ९.९५ मिली, त्यात १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिली, छान हलवायचं, पांढरट गढूळ होतं. अ‍ॅसिड आहे, ते पाण्यात हळूहळू ओतायचं, उलट नाही. पांढऱ्या कार्डावर काळ्या रेघा मारा, स्टँडर्डची आणि बॅक्टेरियाची नळी समोर धरा, दोन्हीतून रेघा सारख्याच धूसर दिसल्या की मिलीला साधारण १५ कोटी पेशी आल्या. लगेच, १५ मिनिटांच्या आत स्वॅबने (कापसाच्या काडीने) प्लेटवर पसरा.

आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवायची डिस्क! अर्क मिथेनॉलमध्ये काढला असेल तर नुसत्या मिथेनॉलची डिस्क, तेवढंच थेंब, तेवढंच वाळवून, त्याच प्लेटवर. हे नाही केलंत तर तो झोन तुळशीचा का मिथेनॉलचा, कोण सांगणार? पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून माहितीतली अँटिबायोटिक डिस्क ठेवा. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (अशा तपासणीसाठी ठरलेला स्ट्रेन) वर १० मायक्रोग्रॅमच्या जेंटामायसिन डिस्कला १९ ते २६ मिमी झोन यायला हवा. तो १२ आला किंवा ३२ आला तर तुमच्या अर्काचे आकडे वाचूच नका, आधी मीडिया, दाटी, डिस्क तपासा. अजून एक, झोन मोजताना डिस्कचे ६ मिमी त्यात धरलेत का वगळलेत ते लिहा, आणि 'अ चा झोन ब पेक्षा मोठा म्हणून अ जास्त प्रभावी' असं ठोकून देऊ नका, कारण काही पदार्थ अगारमध्ये भराभर पसरतात, काही पसरतच नाहीत. तुलना करायची असेल तर एमआयसी (वाढ थांबवणारं कमीत कमी कॉन्सन्ट्रेशन) काढा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, एन, म्हणजे खरोखर वेगळे नमुने किती. एक्स्टर्नल पहिला प्रश्न हाच विचारतात आणि इथेच विकेट पडते. उदाहरण घ्या: रस्त्याकडेच्या करंजाच्या पानांवर रंध्रांची (पानावरच्या सूक्ष्म छिद्रांची) दाटी आतल्या बाजूच्या करंजापेक्षा वेगळी असते का. साहित्य म्हणजे पारदर्शक नेलपॉलिश, सेलोटेप, स्लाइड. पानाच्या खालच्या बाजूची धूळ ओल्या कापसाने पुसा, पान पूर्ण कोरडं होऊ द्या, मधल्या शिरेपासून थोडं लांब नेलपॉलिशचा पातळ हात द्या, जाड दिलात की बुडबुडे येतात. दहा-पंधरा मिनिटं वाळलं की त्यावर टेप दाबा आणि एका कडेने सावकाश सोला, पातळ काचेसारखा पापुद्रा टेपबरोबर येतो, तोच स्लाइडवर चिकटवा. ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली रंध्रं ठशासारखी स्पष्ट दिसतात. आयपीसवर फील्ड (एका वेळी दिसणारं वर्तुळ) नंबर १८ लिहिला असेल तर १८ भागिले ४० म्हणजे ०.४५ मिमी व्यास दिसतोय, क्षेत्रफळ आलं साधारण ०.१६ चौरस मिमी. समजा २५ रंध्रं मोजलीत, तर चौरस मिमीला १५६ च्या आसपास. कडेवर अर्धी कापली गेलेली रंध्रं मोजायची का नाही हे आधी ठरवा आणि मग शेवटपर्यंत तेच पाळा.

सहा झाडं रस्त्याकडेची, सहा आतली, प्रत्येकाची तीन पानं, प्रत्येक पानाची तीन फील्ड. आकडे झाले १०८. मुलं ऐटीत लिहितात एन बरोबर १०८. नाही. एन प्रत्येक बाजूला सहा, कारण तुलना झाडांची चाललीय, एकाच झाडाची तीन पानं म्हणजे तीन वेगळी झाडं नव्हेत. एकाच माणसाचा ताप तीनदा मोजला म्हणून तीन पेशंट होत नाहीत, तसंच हे. पानांची सरासरी काढून झाडाला एक आकडा द्या, मग सहाविरुद्ध सहा टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी). कोणी म्हणेल एवढी मेहनत करून फक्त सहा? हो, फक्त सहा. म्हणून पानं वाढवण्यापेक्षा झाडं वाढवा, एका झाडाची दहा पानं घेण्यापेक्षा दहा झाडांची तीन-तीन घ्या. आणि पानं सारख्या उंचीवरची, शेंड्यापासून ठरलेल्या नंबरची, दोन्हीकडे ऊन साधारण सारखं. नाहीतर फरक आला तरी तो धुरामुळे का सावलीमुळे, हे तुम्हालाच सांगता येणार नाही. फुलपाखरांना पण हाच नियम, गवत कापलेला एकच पट्टा आणि न कापलेला एकच पट्टा घेऊन कितीही चकरा मारल्यात तरी पट्टे एकास एकच राहतात, म्हणून तसे चार-पाच पट्टे शोधा, कॅम्पस पुरत नसेल तर शेजारची शाळा, बाग, काय मिळेल ते.

कुठली टेस्ट लावायची हे डेटा गोळा करायच्या आधी ठरवा. नंतर पाच टेस्ट लावून जिचा पी (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली येतो तीच दाखवणं ही लबाडी आहे, सगळे करतात म्हणून ती कमी होत नाही. पास्ट नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, शॅनन इंडेक्सपासून (जातींच्या विविधतेचा आकडा) अनोव्हापर्यंत (अनेक गटांची तुलना) बीएस्सीला पुरेल एवढं सगळं त्यात होतं. पानाचं क्षेत्रफळ किंवा झोन मोजायला इमेजजे, ते पण फुकट, फोटोत पट्टी ठेवायला विसरू नका. आणि फरक नाही आला तर 'फरक आढळला नाही' असंच लिहा, त्यासाठी कोणी मार्क कापत नाही.

वही. शिवलेली, पानांना नंबर घातलेली, पेनने लिहिलेली. सुट्टे कागद आणि हातावर लिहिलेले आकडे नकोत. तारीख, वेळ, हवामान, मीडियाचा बॅच नंबर, काय बिघडलं ते, सगळं त्याच दिवशी. 'ग्रोथ चांगली आली' म्हणजे काय? किती कॉलनी, किती मिमी, कुठला रंग. चुकलं तर एक रेघ मारा, व्हाइटनर नको. संध्याकाळी त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका, कारण वह्या हरवतात, पावसात भिजतात, बसमध्ये राहतात. एक्सेलमध्ये एका ओळीत एकच निरीक्षण, झाड नंबर, पान नंबर, फील्ड नंबर, संख्या. सेल मर्ज करून, रंग भरून सुंदर टेबल बनवू नका, टेस्ट लावताना रडू येतं.

ग्रुपबद्दल काय बोलणार, चौघांत एक राबतो, एक बाइंडिंगला जातो, दोघं व्हायवाला दिसतात. यावर एकच उपाय मला चालताना दिसलाय, कामं टप्प्यांनी न वाटता नमुन्यांनी वाटायची. तू मीडिया कर, ती मोजेल, हा टाइप करेल, असं नको. प्रत्येकाने आपली झाडं किंवा आपल्या प्लेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायच्या, म्हणजे व्हायवात कोणालाही काहीही विचारलं तरी उत्तर येतं. मोजणाऱ्यांत फरक पडतो का हे बघायला थोड्या स्लाइड सगळ्यांनी मोजून आकडे ताडून बघा, फार वेगळे आले तर बसून ठरवा की रंध्र कशाला म्हणायचं. प्रत्येकाने दोन्ही बाजूंची झाडं घ्यायची हं, एकाने रस्त्याची आणि दुसऱ्याने आतली असं वाटलंत तर सगळं मुसळ केरात.

लिहायला मेथड्सपासून सुरुवात करा, आणि ती प्रयोग चालू असतानाच. इंट्रोडक्शन शेवटी. जुने पेपर गूगल स्कॉलर आणि पबमेडवर, आणि भारतातले पीएचडी थिसिस शोधगंगावर फुकट मिळतात, आपल्याच भागातल्या नदीवर, तळ्यावर, देवराईवर कोणी ना कोणी काम केलेलं असतंच, ते आधी वाचा. रेफरन्स झोटेरो या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. चॅटजीपीटीकडून इंग्रजी सुधारून घ्यायचं तर गाइडला सांगून घ्या, पण रेफरन्स त्याच्याकडून घेऊ नका, अस्तित्वातच नसलेले पेपर तो आत्मविश्वासाने लिहून देतो. जो रेफरन्स यादीत आहे तो प्रत्येक उघडून बघितलेला असला पाहिजे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतचं साधर्म्य चालतं, पण कॉपी करून शब्द फिरवणं हा त्यावरचा उपाय नव्हे, पेपर बंद करून स्वतःच्या भाषेत लिहा, इंग्रजी साधं असलं तरी बिघडत नाही. झेरॉक्सवाल्याकडे बाइंडिंगला सबमिशनच्या आठवड्यात रांग असते, दोन दिवस आधी जा, आणि स्पेलिंग तपासल्याशिवाय हार्ड बाउंड करू नका.

व्हायवात गोड बोलायची गरज नसते. कंट्रोल काय होता, एन किती, ही पद्धत का, तुझ्या हाताने काय केलंस, आणि पुन्हा करायला सांगितलं तर काय बदलशील. शेवटच्या प्रश्नावर मुलं गप्प बसतात, खरं तर हा सगळ्यात सोपा, वहीत जे जे बिघडलं म्हणून लिहिलंय तेच सांगायचं. एखादी गोष्ट माहीत नसेल तर 'माहीत नाही सर' म्हणा, फेकलेलं त्यांना लगेच कळतं.

काम चांगलं झालं असेल तर आविष्कार या विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेला टाकून बघा, आधी कॉलेज, मग जिल्हा नाहीतर विभाग, मग विद्यापीठ, पोस्टर कसं करायचं ते तिथे शिकायला मिळतं. 'आठ दिवसांत पेपर छापून देतो, एवढे पैसे भरा' असा मेल किंवा मेसेज आला तर ब्लॉक करा, पुढे एमएस्सीच्या इंटरव्ह्यूत असला पेपर उलट अंगाशी येतो. एक्सेलची मूळ फाइल डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर ठेवून द्या, पुढची बॅच त्याच झाडांवर पुन्हा मोजेल तेव्हा कामाला येईल. आणि फ्रीजमधल्या तुमच्या नावाच्या स्लँट, प्लेट सगळं ऑटोक्लेव्ह करून टाकून द्या, नाहीतर निकाल लागल्यावर सुद्धा लॅबवाल्या काकांचा फोन येतो.